नापास झालेल्याचा फोन नंबर

जुलै २०१८. रिटर्नचे दिवस, टेबलावर फायलींचा ढीग, आणि अण्णांचा फोन. "आधी टीव्ही लाव. आपल्या वाडीची माणसं गेल्यात थायलंडला."

आपली वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी. अण्णांनी तिथं पंपांच्या असेंब्लीत एकतीस वर्षं काढली. थाम लुआंगच्या गुहेत बारा मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते. आतलं पाणी कसं उपसायचं हे सांगायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिकडे गेले होते आणि चार मोठे पंप विमानानं पाठवायला वाडीत तयार ठेवले होते. त्या आठवड्यात अण्णांना कधीही फोन केला तरी पहिलं वाक्य पंपाचंच. माझं लक्ष मात्र पाणबुड्यांकडे. तारकर्लीला डायव्हिंग शिकून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. लॉगबुकात बावीस डाईव्ह, आणि आपल्याला पाण्यातलं बऱ्यापैकी कळतं ही समजूत.

६ जुलैला समन कुनान गेला. थाई नौदलाचा माजी सील, म्हणजे पाण्यातला कमांडो. आत सिलिंडर पोचवून परत येत होता. अण्णांनी विचारलं, "नेव्हीचा माणूस पाण्यात कसा काय जातो गं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तेच डोक्यात बसलं.

आज माझं वय त्रेचाळीस, डाईव्ह एकशे साठच्या पुढे, आणि येत्या जानेवारीत मेक्सिकोत तुलुमजवळ केव्ह डायव्हिंगच्या पहिल्या दोन पायऱ्यांसाठी तारखा मिळाल्यात. अजून मी एकही कोर्स केलेला नाही, हे आधीच सांगते. गुहेत कसं पोहायचं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण शिक्षक शोधण्यात आणि तयारीत दीड वर्ष गेलं. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी "तू कुणाकडे जातेयस, आम्हालाही नंबर दे" म्हटलं, म्हणून हे लिहितेय. नंबर देईन. पण मी तो कसा शोधला ते आधी वाचा.

समुद्रात काहीही बिघडलं तरी शेवटचा मार्ग वर असतो. हळूहळू, श्वास सोडत, पण वर. गुहेत वर दगड. जितकं आत गेलात तितकंच आडवं बाहेर यायचं, तेही कदाचित अंधारात, कदाचित दुसऱ्याच्या टाकीतली हवा घेत. मला हे वाक्य म्हणून लगेच समजलं होतं. त्याचा हिशेब समजायला वेळ लागला.

हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो फ्लोरिडाच्या शेक एक्सलीनं. सत्तरच्या दशकात तिथल्या झऱ्यांच्या गुहांत माणसं सारखी मरत होती. यानं प्रत्येक अपघात उलगडून पाहिला आणि १९७९ साली एक छोटं पुस्तक काढलं. मी पेशानं सीए, त्यामुळे मला ते पुस्तक सरळ ऑडिट रिपोर्टसारखं वाटतं: पैसे कुठं गळले, कोणती सही राहिली. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून सलग दोरी नव्हती. परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती. झेपेल त्याहून खोल गेले होते. पुढे या तीन कारणांत आणखी दोन जोडली गेली, ती म्हणजे गुहेचं प्रशिक्षण नसणं आणि पुरेसे दिवे नसणं. आजही प्रत्येकाकडे किमान तीन दिवे लागतात, एक मुख्य, दोन राखीव. एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोच्याच झाकातोन नावाच्या खोल पाणकुंडात खोलीच्या विक्रमाचा प्रयत्न करताना गेला. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नियम लिहिणाऱ्यालाबी पाण्यानं सोडलं नाही." त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्याशी या विषयावर बोलणं टाळलं.

माझा भाऊ ह्यूस्टनला असतो. २०२३ मध्ये त्यांच्याबरोबर कानकूनला गेले तेव्हा एक दिवस काढून दोस ओहोसला गाईडबरोबर कॅव्हर्न टूर केली. कॅव्हर्न म्हणजे गुहेचा तोंडाकडचा भाग, जिथून बाहेरचा उजेड दिसत राहतो. साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन गुहा पाण्याखाली एकमेकींना जोडलेल्या आहेत हे जानेवारी २०१८ मध्ये कळलं, आणि तेव्हा त्यांची एकत्र लांबी भरली ३४७ किलोमीटर. पुण्याहून गाडी काढून मालवणच्या आसपास पोचावं एवढी. मी त्यातला नखाएवढा भाग पाहिला. वरून उजेडाचे खांब उतरलेले, छताला झुंबरं लटकावीत तशी लवणस्तंभांची रांग. ही झुंबरं पाण्यात तयार झालेली नाहीत. हिमयुगात समुद्र खाली गेला होता, गुहा कोरड्या होत्या, तेव्हा थेंब थेंब ठिबकून ती वाढली आणि नंतर पाणी भरलं.

आणि तिथंच ती पाटी होती. काळ्या झग्यातला सांगाडा, हातात विळा. यापुढे जाऊ नका, या गुहेत जीव द्यावा असं काहीही नाही. खाली हेही लिहिलेलं की मेलेल्यांत मोकळ्या पाण्यातले शिक्षकसुद्धा आहेत. पाटीच्या पलीकडे दोरी तशीच पुढे अंधारात गेली होती. मी तिच्याकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक, गाईडनं दिव्यानं माझ्यासमोर आडवी रेघ मारली. लक्ष दे. चल.

तर, शिक्षक.

पहिल्याशी व्हॉट्सॲपवर बोलणं झालं. आठ दिवसांत कॅव्हर्नपासून फुल केव्हपर्यंत सगळं, या आठवड्यात पैसे भरले तर सूट. मी विचारलं, तुमच्याकडे किती जण पूर्ण करू शकत नाहीत? उत्तर आलं, "माझ्याकडे कुणी नापास होत नाही." सोबत हसरा चेहरा. माझ्याकडे एखादा व्यापारी आला आणि म्हणाला की पंधरा वर्षांत माझी एकही उधारी बुडाली नाही, तर मी त्याची वही दोनदा तपासते. एक तर तो कुणाला उधार देत नाही, नाही तर बुडालेलं लिहीत नाही.

दुसरा मोठा माणूस. हजारो डाईव्ह, नव्या गुहा शोधलेल्या, नकाशे काढलेले. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटं बोलले, म्हणजे तो बोलला. ऐकायला इतकं छान वाटलं की फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळानं लक्षात आलं, त्यानं मला एकही प्रश्न विचारला नव्हता. किती डाईव्ह, कुठल्या पाण्यात, काय वापरतेस, कशाला भितेस, काहीच नाही. आमच्या कॉलेजात कॉस्टिंगला एक सर होते, प्रचंड विद्वान. त्यांचा तास संपला की सगळे भारावून जायचे आणि संध्याकाळी क्लास लावायचे.

मधे दोन महिने मी एजन्सीच्या, म्हणजे कोर्स ठरवून कार्ड देणाऱ्या संस्थांच्या, वादात घालवले. टीडीआय, आयएएनटीडी, जीयूई, एनएसएस-सीडीएस. कोणाचं कार्ड भारी यावर माणसं एकमेकांची डोकी फोडतात. ते महिने वाया गेले असं म्हणणार नाही, कारण प्रत्येकाचे नियम वाचताना एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, आधी काय येत असलं पाहिजे, कुठल्या पायरीला किती हवा वापरायची परवानगी, हे नीट कळलं. पण कार्डावरचा शिक्का तुमच्याबरोबर पाण्यात येत नाही, माणूस येतो. फ्लोरिडा की मेक्सिको हा प्रश्न मात्र खरा होता. फ्लोरिडाचं पाणी २२ अंशांचं, आणि जिनी स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी झऱ्याचा जोर असा की आत जाताना दगडाला धरून स्वतःला ओढावं लागतं. परत येताना तोच जोर मदतीला. तुलुमकडे पाणी तीन-चार अंशांनी कोमट, प्रवाह जवळजवळ नाही, खोली कमी, पण सगळं काचसामान. तिथं तोल चुकला तर दहा हजार वर्षांचं झुंबर मोडतं. मी तोलाचा रस्ता घेतला, कारण माझा तोलच कच्चा होता आणि ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तिसरी बाई. हिनं पहिल्याच मेलला उत्तर म्हणून प्रश्नांची यादी पाठवली. त्यातला एक असा: तुझ्या एकशे चाळीस डाईव्हपैकी (तेव्हा तेवढ्या होत्या) किती डाईव्हना तू स्वतः ठरवलंस की कुठं जायचं, कधी परत फिरायचं? मी लॉगबुक काढून मोजलं. अकरा. बाकी सगळ्या डाईव्हना मी कुणाच्या तरी फिन्सच्या मागे गेले होते. अंदमानला, नेत्राणीला, गोव्यात, सगळीकडे पुढे गाईड आणि मागे मी, मासे बघत.

मग तिनं व्हिडिओ मागितला. पाच मिनिटांचा, न कापलेला. तळापासून मीटरभर वर, आडवं, जागच्या जागी. मधे मास्क काढायचा, मिनिटभर तसंच थांबायचं, परत घालायचा. पुण्यात एका तलावावर टाकी घेऊन उतरायची परवानगी मिळवणं ही स्वतंत्र कहाणी आहे. तिथले लाइफगार्ड काका शेवटपर्यंत म्हणत होते, "ताई, पोहता येतं ना? मग हे कशाला?" व्हिडिओ पाठवला. मला वाटलं, बरा झालाय. दोन दिवसांनी उत्तर आलं, मिनिट-सेकंदांसह.

एक मिनिट दहा सेकंद: मास्क काढल्याबरोबर गुडघे खाली. दोन पंचवीस: डोळे मिटलेले असताना तू सव्वा हात वर गेलीस, तुला कळलं नाही. तीन चाळीस: डावा हात वल्ह्यासारखा चालतो, तो काय करतोय? चार पाच: ही किक चांगली आहे, हीच ठेव.

खाली एक ओळ. सात महिन्यांनी तारखा आहेत, तोवर हे सुधारलं तर ये, नाही तर त्यापुढच्या तारखा देते.

राग आला. खोटं कशाला बोलू. एकशे चाळीस डाईव्ह, डाईव्हमास्टरचं कार्ड, आणि ही बाई माझ्या गुडघ्यांवर बोलतेय. पण गुडघ्यांचं असं आहे की आपण बहुतेक जण पहिला कोर्स वाळूत गुडघे टेकून शिकतो. मास्क काढा, गुडघ्यावर. तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधा, गुडघ्यावर. त्यामुळे काही अवघड करायचं म्हटलं की शरीर आपोआप गुडघे शोधतं. गुहेच्या तळाशी पिठासारखी माती असते. गुडघे खाली गेले की फिन्स खाली, आणि एका फटक्यात ती माती उठते. मग हाताला हात दिसत नाही, आणि ती लवकर बसतही नाही.

तिलाही मी तोच प्रश्न विचारला होता. किती जण पूर्ण करत नाहीत? ती म्हणाली, गेल्या वर्षी दोघांना मधेच थांबवलं, त्यातला एक परत आला. मी म्हटलं, जो परत आला नाही त्याचा नंबर मिळेल? जरा थांबली. मग म्हणाली, त्याला विचारून सांगते.

हे मी माझ्या धंद्यातून उचललंय. कंपनी कशी आहे हे नोकरीत असलेल्याला विचारू नये, सोडून गेलेल्याला विचारावं. तो माणूस फोनवर आला तेव्हा अजून चिडलेला होता. इतके पैसे, इतकी सुट्टी, आणि तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की आपण इथं थांबूया. काय झालं होतं? तो म्हणाला, लाइन, म्हणजे गुहेतली दोरी, धरून बाहेर येत होतो, मी पुढे, जोडीदार मागे. जोडीदारानं मुद्दाम दिवा विझवला, तिच्याच सांगण्यावरून. मागच्याचा उजेड आपल्या पुढच्या भिंतीवर पडत असतो. तो गेला की पुढच्याला ताबडतोब कळायला पाहिजे. मी बराच वेळ तसाच पुढे गेलो. वर आल्यावर तिनं वाद घातला नाही, फक्त विचारलं की उजेड कधी गेला सांग. मला सांगता आलं नाही.

मी विचारलं, मग मी कुणाकडे जाऊ? तो म्हणाला, "तिच्याकडेच. मी पण जाईन कधीतरी. अजून राग गेला नाही एवढंच."

त्या रात्री मी आगाऊ रक्कम पाठवली. त्याआधी खर्चाची फोड मात्र मागून घेतली, ती तुम्हीही मागा: टाक्या भरणं, टाक्यांचं भाडं, सेनोटेचं (जिथून गुहेत उतरतात त्या नैसर्गिक विहिरीचं) प्रवेश शुल्क, पुस्तक, कार्डाची फी, आणि मधेच थांबवलं तर उरलेल्या दिवसांचं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. डायव्हिंगचा विमा आणि डॉक्टरचं पत्र तर लागतंच.

मग तयारी. ती बहुतेक घरातच झाली आणि बरीचशी हास्यास्पद होती. बाकावर पालथं पडायचं, मांड्या सरळ, गुडघे काटकोनात, तळपाय छताकडे, मान वर, आणि बेडकासारखी किक. आई खोलीत आली, बघितलं, म्हणाली, "पालीसारखी काय पडलीयस?" आणि गेली. पाठीला कळ लागायची. पंधरा दिवसांनी ती गेली आणि तलावात पहिल्यांदा पाय आपणहून वर राहिले. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन पर्वती चढायचे, कारण सेनोटेच्या पायऱ्या टाक्यांसकट उतरायच्या-चढायच्या असतात. डावा हात अजून वल्ह्यासारखा चालतो. त्याला मी दुसऱ्या हातात धरून ठेवते.

हिशेबाचा गृहपाठ मला आवडला. साइडमाउंटला दोन टाक्या दोन कुशींना, प्रत्येकी ११ लिटर, आतल्या हवेचा दाब २०० बार. नियम तृतीयांशाचा: एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. २०० ला तिनानं नीट भाग जात नाही, म्हणून खाली यायचं, १८०, म्हणजे ६० बार वापरले की परत. दोन्ही टाक्या मिळून १३२० लिटर. मी पृष्ठभागावर मिनिटाला साधारण १५ लिटर घेते. बारा मीटरवर दाब २.२ पट, म्हणजे ३३ लिटर. भागाकार केला, चाळीस मिनिटं आत जाता येईल. मी उत्तर पाठवून दिलं, शाळेतल्यासारखं दोन रेघा मारून.

तिनं परत पाठवलं. आता सगळ्यात आतल्या टोकाला जोडीदाराची हवा पूर्ण गेली असं धर. तू आणि तो तुझ्या उरलेल्या दोन भागांवर बाहेर येताय. किती वेळ आहे?

दोन भाग, दोन माणसं. प्रत्येकी चाळीस मिनिटं. बाहेर यायला लागणार चाळीस. हिशेबाबाहेर ठेवलेले वरचे वीस बार सोडले तर शिल्लक शून्य. तेही दोघं आत जाताना घेत होतो तसाच शांत श्वास घेत असू तर. घाबरलेला माणूस दुप्पट ओढतो. एकमेकांना धरून, एका नळीवर, गढूळ पाण्यात कुणी त्याच वेगानं येत नाही. म्हणजे तृतीयांश ही ऐसपैस गादी आहे असं मी जे समजत होते ती प्रत्यक्षात चटई आहे, तीही फाटकी. नवशिक्याला पहिल्या पायरीवर त्याहून कमी हवा वापरू देतात ते यासाठी. अण्णांना हे गणित कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. पंपाच्या माणसाला आकडे कळतात. म्हणाले, "मग साठ कशाला, चाळीसलाच फिर की."

दोरीचा सराव सोसायटीच्या बागेत केला. रविवार पेठेतून सुतळीचं बंडल आणलं. गुहेतल्या लाइनवर प्लास्टिकचे छोटे बाण अडकवलेले असतात, टोक जवळच्या बाहेरच्या वाटेकडे. ते मी श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांतून कापले, दोन्ही बाजूंना खाचा पाडून. सुरुवात गेटच्या खांबापासून, तिथून आंबा, तगर, झोपाळ्याचा दांडा, बाकाचा पाय, आणि शेवट मागे कचऱ्याच्या पिंपापाशी. प्रत्येक वळणावर सुतळीला एक फेरा, ताण सैल पडू द्यायचा नाही. डोळ्यांवर ओढणी. भाचा सातवीत आहे, त्यानं मला तीनदा गरागरा फिरवलं आणि हात सुतळीवर ठेवला. गेटपाशी ये, म्हणाला.

अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात ठेवायची, ओढायची नाही. मी निघाले. आंब्याची साल लागली असं वाटलं. वॉचमन मामांचा आवाज आला, "मॅडम, आंधळी कोशिंबीर का?" भाचा खिदळला. मी पुढे. मला खात्री होती की उतार गेटकडे आहे आणि मी उतारावरच चाललेय. तगर, मग काहीतरी लोखंडी, मग लाकडी. हात जाऊन पिंपाला लागला, आणि वासानं बाकीचं सांगितलं.

ओढणी काढून मागे गेले. वाटेत तीन बाण होते, तिन्ही बरोबर, तिन्ही गेटकडे टोक केलेले. तिन्ही माझ्या बोटांच्या कड्यातून गेले होते. झाकणाची धार लागली होती, मला आठवतही होतं, काहीतरी कडक लागल्याचं. थांबून टोक कुठं आहे ते चाचपलं नाही, कारण उतारावर माझा विश्वास होता.

त्यानंतर आम्ही ते रोज केलं. भाचा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सोडायचा. दहाव्या-बाराव्या दिवशी मी बाण लागला की थांबायला लागले, आपोआप, बोलता बोलता जिना आला की पाय उचलला जातो तसं. सुतळी अजून तगरीला आहे. चेअरमननी विचारलंय, कधी काढणार.

अण्णांना दोरीचं कौतुक नाही, कारण त्यांनी ती आधीच वापरलीय. कुंडलजवळ आमची मोटेची जुनी विहीर. सहा वर्षांची असताना पाठीला सुका भोपळा आणि कमरेला कासरा बांधून त्यांनी मला त्यात सोडलं. ते वर थारोळ्यावर बसायचे, दुसरं टोक हातात. नियम एकच होता: कासऱ्याला दोन हिसके बसले की वर यायचं, का ते विचारायचं नाही. मी हुज्जत घालायचे, आत्ताच तर उतरले, अजून थोडं. मग त्या दिवशीचं पोहणं बंद. ते नंतर कधीही सांगायचे नाहीत की हिसका का दिला होता. साप दिसला होता, की घरी जायचं होतं, की काहीच नाही.

मेक्सिकोच्या बाईशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा तिनं पहिल्या दिवसाचं काम सांगितलं. डाईव्हमध्ये मधेच कधीतरी, काही कारण नसताना, तू अंगठा दाखवायचास. डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे छान नव्हे. अंगठा म्हणजे संपलं, बाहेर चला. गुहेत कुणीही, केव्हाही, कशासाठीही दाखवू शकतो, आणि बाकीच्यांनी का ते विचारायचं नाही. ती म्हणाली, पैसे भरून लांबून आलेल्या लोकांना हे सगळ्यात जड जातं, म्हणून मी आधी तेच करून घेते. (तारखा पक्क्या झाल्याचं मी अण्णांना कळवलं तेव्हा त्यांनी व्हॉट्सॲपवर काय पाठवलं असेल? अंगठा.)

मला वाटलं, हे आधी इथंच करून बघावं. नोव्हेंबरात तारकर्लीला गेलो, मी आणि माझा नेहमीचा जोडीदार. पहाटे पुणं सोडलेलं, गगनबावड्याचा घाट, गाडीत दोघांना मळमळ, दुसऱ्या दिवशी बोट ठरवलेली. पाणी त्या दिवशी अनपेक्षित स्वच्छ होतं, तळ वरून दिसत होता. नवव्या मिनिटाला आम्ही एका खडकाच्या कडेला पोचलो. कडेखाली काहीतरी हललं, मोठं, बहुतेक गोब्रा. जोडीदारानं माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. टाकीत १५० च्या वर होतं. कान ठीक, मास्क ठीक, थंडी नाही. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. एवढी गाडी चालवून आलो, बोटीचे पैसे, तो मासा. मी दोन श्वास घेतले. मग अंगठा वर केला.

तो बघतच राहिला. हातानं विचारलं, काय? मी परत अंगठा. त्यानं माझ्या गेजकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि शेवटी त्यानंही अंगठा दाखवला.

बोटीवर चढलो तेव्हा तांडेल अजून थर्मासमधून चहा ओतत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"काय ओ ताई, काय झाला? इतक्यात वर इलात?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग?"

"काहीच नाही झालं."

त्यानं जोडीदाराकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. तांडेलानं अर्धा कप चहा माझ्या हातात दिला आणि नांगराचा दोर ओढायला लागला.

"पैशे पुरे लागतले हां पण," तो म्हणाला.